बंगलेवाली

आम्ही राहायचो ते घर आमचं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माणसांसाठी बांधलेलंही नव्हतं. लोणावळ्याच्या बाजारातल्या शेठलोकांनी म्हाताऱ्या, लंगड्या, खाटकाच्या दारातून सोडवून आणलेल्या गुरांसाठी पांजरपोळ चालवला होता. त्याच्या फाटकाला लागून पेंढ्याची एक लांबोडकी खोली होती. तिच्यात मधोमध कुडाची भिंत घातलेली, एका बाजूला पेंढा आणि दुसऱ्या बाजूला आम्ही. पेंढ्याची बाजू कोरडी होती. पेंढा भिजला तर कुजतो, माणूस भिजला तर वाळतो, असं दादा म्हणायचे. दादा म्हणजे माझे वडील, पांजरपोळाचे कारभारी. आम्ही मूळचे तिकोणा पेठेचे. तेव्हा धरण नव्हतं आणि खाली पवनेकाठी आमची भातखाचरं होती, पण भावांत वाटण्या झाल्यावर दादांच्या वाट्याला जे आलं त्यात एक बैल वळवायलाही जागा नव्हती. म्हणून दादा इथे आले आणि दुसऱ्यांचे बैल वळवू लागले. सकाळी मला जाग यायची ती खोकल्याने. म्हातारी गाय अगदी म्हाताऱ्या माणसासारखीच खोकते, आणि आमच्याकडे पुष्कळ होत्या. त्यात घाटात चढणाऱ्या गाड्यांच्या शिट्ट्या, एका आंधळ्या घोड्याचं फळीवर लाथा मारणं, आणि या सगळ्यांच्या वर यमुआत्याचा आवाज.

यमुआत्या ही दादांची थोरली बहीण. लहानपणीच विधवा झालेली आणि माझ्या जन्माच्या आधीपासून आमच्याकडे असलेली. घरात काय करावं आणि काय करू नये हे आत्याचं शास्त्र सांगायचं. हे शास्त्र कुठल्या पुस्तकात नव्हतं, त्यामुळे ते कुणाला तपासून पाहता येत नसे. आई तिला ‘वन्सं’ म्हणायची आणि तिचं सगळं ऐकायची. माझी आई, पारू, हाडापेराने मोठी, बोलायला कमी, आणि हाताला फार चपळ. आमच्यात मार चुकवायला शिकलेलं असं कुणीच नव्हतं, कारण हात उठलेला दिसायच्या आधी तो लागलेला असायचा. माझी थोरली बहीण सरूताई आईच्याच अंगलटीची, आईच्याच हाताची. मी कोणासारखी होते ते कुणी सांगत नसे.

शेठलोकांची आम्हाला एकच अट होती. आवारात वशाट शिजवायचं नाही. मासा नाही, मटण नाही, अंडंसुद्धा नाही. जीव वाचवायच्या जागेत जीव शिजवायचा नाही. अट रास्त होती आणि दादा ती जिवापाड पाळायचे. एकदा पावसाळ्यात तिकोण्याचा चुलता मोठ्या प्रेमाने पाटीभर खेकडे घेऊन आला आणि नेमके मोठे शेठ फाटकात उभे. पाटीत काय आहे असं त्यांनी विचारलं. दादांना आयुष्यात खोटं बोलायची सवय नव्हती, पण त्या दिवशी ते म्हणाले, ‘दाखल करायला आणलेत.’ शेठ गहिवरले. त्यांनी स्वतः उभं राहून सगळे खेकडे मागच्या ओढ्यात सोडायला लावले. चुलता पुढे कितीतरी वर्षं आमच्या घरी रिकाम्या हाताने यायचा. म्हणजे आमच्या जिभेला वशाट लागायचं ते गावी गेल्यावर, नाहीतर आवाराच्या भिंतीपलीकडे राहणाऱ्या हमीदाभाभीकडे. तिचा नवरा टांगा हाकायचा आणि तिच्या चुलीवर सुकट पडली की आमच्याकडची नाचणीची भाकरी आणि टाकळ्याची भाजी खायला जड जायची.

आता बंगल्यांचं सांगते, कारण मांजर तिथूनच आलं. उन्हाळ्यात मुंबईची बडी मंडळी लोणावळ्याला हवा खायला यायची. बंगले उघडायचे, खानसामे यायचे, सायबांची पोरं यायची आणि पोरांना खेळायला मांजर लागायचं. दोन महिने त्या मांजराची चैन असायची, दूध काय, पापलेट काय, गादी काय. मृग लागला की बंगल्यांना कुलपं. माणसं सामानासकट गाडीत बसायची आणि मांजर व्हरांड्यात. लोणावळ्याचा पाऊस ज्याने आषाढात पाहिलाय त्याला मी पुढचं सांगायला नको. ज्या मांजराला उंदीर काय असतो हे कुणी शिकवलेलंच नाही ते त्या पावसात जगणार कसं? काही मरायची, काही गावात शिरायची. गावातली मांजरं त्यांना जवळ करत नसत. माणसंही करत नसत, कारण ही मांजरं भाकरी हुंगून बाजूला सरायची, आणि उपाशी मरत असताना नखरे करणारं जनावर आमच्या लोकांना सहन व्हायचं नाही.

त्या श्रावणात असंच एक मांजर आमच्या पेंढ्यात शिरलं. पांढरं असावं, तेव्हा रंग सांगणं अवघड होतं. एक डोळा चिकटून बंद, पाठीवर खरूज, आणि पोट असं आत गेलेलं की दोन्ही बाजूंची कातडी एकमेकींना भेटत असावी. सोमवार होता. आत्याचा उपास आणि उपास सोडायला लावलेलं दही शिंक्यावर. शिंकं पावसाने सैल झालेलं. आम्ही जेवणाच्या तयारीत असताना दही खाली आलं आणि दह्यावर मांजर. आत्या ओरडली, ‘हाण त्याला.’ आईच्या हातात चुलीची लोखंडी फुकणी होती. पुढचं मी वर सांगितलंच आहे. हात उठलेला मला दिसला नाही. फुकणी मांजराच्या मागच्या पायावर आणि पाठीवर बसली, ते एकदा उडालं आणि उंबऱ्याशी आडवं झालं ते उठलंच नाही. त्याच्या मिशांना दही लागलेलं होतं. त्याने ते चाटलंसुद्धा नाही, यावरून मला वाटलं की मेलं.

आत्या खाली बसली. मग अगदी शांत आवाजात म्हणाली, ‘पारू, सोन्याचं मांजर पडलं बाई तुला.’ मांजर मारल्यावर काशीला जाऊन सोन्याचं मांजर वाहावं लागतं, हे त्या काळी पाळण्यातल्या पोरालाही माहीत होतं. ते वाहीपर्यंत त्या घरचं पाणी कुणी पीत नाही, त्या घरच्या पंगतीला कुणी बसत नाही. दादांनी आयुष्यात सोनं पाहिलं होतं ते आईच्या गळ्यात, आणि तेही मणीच. ‘हाण’ म्हणून ओरडणारी आत्याच होती हे मी लहान असून माझ्या ध्यानात आलं आणि मी तसं म्हटलंही. आत्याने शास्त्र सांगितलं की मांजर ओरडणाऱ्याला पडत नाही, हाणणाऱ्याला पडतं. तेवढ्यात मांजराचा कान हलला.

त्या एका हललेल्या कानावर आमच्या घराचं काय काय लोंबकळत होतं ते सांगायला हवं. ताईचं लग्न ठरलं होतं. नवलाख उंबरे या गावचे एक आबा होते, चांगली पाचसहा खाचरं राखून असलेले. त्यांचा ढवळ्या नावाचा बैल म्हातारा झाला तेव्हा लोकांनी सांगितलं होतं की विकून टाक. आबांनी तो विकला नाही, आमच्याकडे आणून सोडला आणि मग फाटकाच्या खांबाला धरून लहान मुलासारखे रडले. दादांनी त्यांना घरात बसवलं, ताईने पाणी दिलं. त्यानंतर आबा ढवळ्याला भेटायला वरचेवर येऊ लागले आणि एके दिवशी येताना मुलाला घेऊन आले. सुपारी फुटली होती, लग्न तुळशीचं लग्न झाल्यावर. आबा मऊ माणूस होते. पण त्यांच्या घरात त्यांची आई होती, तिला अख्खं गाव थोरली म्हणायचं, आणि थोरलीच्या घरात मांजर मारलेल्या बाईची लेक येणं शक्य नव्हतं. मांजर जगलं तर लग्न. एवढा सरळ हिशेब होता आणि तो ताईलाही कळला होता. ती कोपऱ्यात बसून दही सांडलेली जमीन सारवत होती, एकच जागा पुन्हा पुन्हा.

दादा मांजराला आजारी शेळ्यांच्या कुडात घेऊन गेले. दुपारी गुरांचा डॉक्टर दुसऱ्याच कामाला आला होता, त्याने पाय चाचपून पाहिला आणि सांगितलं की हाड मोडलेलं नाही, पण हे मांजर फुकणीने मरायचं नाही, भुकेने मरेल. आणि आपण मांजराचे डॉक्टर नाही. तो गेल्यावर आत्याने शास्त्र सांगितलं. ज्याच्या हातून मांजराला लागलं त्याच्याच हातचं पाणी मांजर आपणहून प्यालं तर दोष फिटतो. दुसऱ्याने पाजलं तर मांजर जगेल, पण दोष राहील. हा नियम आत्याने त्याच दुपारी, तिथेच कुडाबाहेर उभं राहून तयार केला, असा माझा दाट संशय आहे. पण तो आईला पटला. झाल्या गोष्टीवर काही करता येतं म्हटल्यावर तिला बरं वाटलं असावं.

मांजराला मात्र हे शास्त्र कुणी सांगितलेलं नव्हतं. माझ्या हातचं ते दोन थेंब चाटायचं, दादांनी जखमेला हळद-तेल लावलं तर पडून राहायचं, ताईने कोमट पाण्याच्या फडक्याने डोळा पुसला तर पुसू द्यायचं. आईची सावली कुडात पडली की ते होतं नव्हतं तेवढं बळ एकवटून मागच्या भिंतीला चिकटायचं आणि असा आवाज काढायचं की शेजारची शेळीही उठून उभी राहायची. आई द्रोणात पाणी घेऊन बसायची. सकाळी बसायची, दुपारी बसायची, भांडी घासून झाली की बसायची. पाऊस वरून आणि बाजूने दोन्हीकडून यायचा, तिच्या डोक्यावर इरलं, आणि ती मांजराशी बोलायची. आम्हाला वाटलं होतं गोंजारेल. गोंजारणं तिला येत नव्हतं. ती त्याला सासुरवाशिणीला बोलावं तसं बोलायची. ‘लय मोठ्या घरची तू. बंगल्यात राह्यलीस म्हून काय झालं? मालक टाकून गेला ना? मंग पी की.’ त्यावरून तिचं नाव बंगलेवाली पडलं. ही मांजर आहे, बोका नव्हे, हेही आईनेच आधी ओळखलं. म्हणाली, एवढा हेका बाईचाच.

दुधाला बंगलेवाली तोंड लावीना, भाताच्या पेजेला लावीना. हाडं अजून वर आली. तेव्हा हमीदाभाभी भिंतीवरून म्हणाली की हिला सुकटीचं पाणी द्या, बंगल्यावरची मांजर आहे, तिच्या जिभेला मासाच आठवत असणार. आता आली का पंचाईत? आवारात मासा आणायचा नाही, त्यात श्रावण, त्यात दादा. दादा म्हणाले, खेकड्यांच्या वेळी मी एकदा खोटं बोललो, आता पुन्हा माझ्याने बोलवणार नाही. सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं. आत्याने बराच वेळ विचार केला आणि शास्त्र सांगितलं की वास म्हणजे मासा नव्हे. हमीदाभाभीने आपल्या घरात सुकट उकडायची, आईने तिच्या दारात जाऊन त्या पाण्यात उजवा हात बुडवायचा आणि तोच हात घेऊन यायचं. हाताला वास लागतो त्याला आपण काय करणार? हात तर आपलाच आहे.

म्हणून मग आई हात पुढे धरून, कुठे न लावता, भिंतीला वळसा घालून पावसातून यायची आणि अर्धा वास वाटेतच धुऊन जायचा. पुन्हा जायची. वाटेत शेठ भेटले तर काय सांगायचं हे ठरलेलं नव्हतं. देवाच्या दयेने भेटले नाहीत. एका दुपारी ती अशीच आली, कुडात बसली, ओंजळीत द्रोणातलं पाणी घेतलं आणि हात जमिनीवर टेकवून तोंड दुसरीकडे फिरवलं. मी ताईच्या मागून पाहत होते. आई दमली होती. नेहमीसारखी रागावली नाही. हलकेच म्हणाली, ‘लागलं गं तुला. माझा हात लय वंगाळ. पोरांस्नी बी असाच लागतो.’ एवढंच बोलली. बंगलेवालीने बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. मग मागचा पाय ओढत ती पुढे आली, आईचा अंगठा हुंगला, आधी बोटांवरचा वास चाटला आणि मग मान खाली घालून पाणी प्यायला लागली. चपचप आवाज येत होता. आई हलली नाही. पाणी संपलं तरी बंगलेवाली तिची बोटं चाटत होती, आणि आईच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं ते पावसाचं नव्हतं, कारण इरलं नवं होतं. मी आईला रडताना पाहिलं ते तेव्हा पहिल्यांदा. मला फार भीती वाटली आणि फार बरंही वाटलं.

त्यानंतर आईने आम्हाला मारलं नाही असं लिहायला मला आवडलं असतं. मारलं, पण आता हात उठलेला आधी दिसायचा.

बंगलेवाली भराभर सुधारली. डोळा उघडला, तो दुसऱ्यापेक्षा जरा फिकट होता. खरूज गेली, अंगावर पांढरी लव आली आणि पायात थोडी लंगड राहिली, जी ती आई समोर असली की जास्त दाखवायची. लवकरच ती स्वतःच भिंत ओलांडून हमीदाभाभीकडे जाऊ लागली, म्हणजे सुकटीचा प्रश्न शास्त्राच्या हाती राहिला नाही. माझी नात पुण्याला असते, तिच्या मांजराचं खाणं पुडक्यातून येतं आणि पुडक्यावर त्या मांजराहून देखणं मांजर असतं. मी तिला एकदा विचारलं की हे पाणी कुणाच्या हातचं पितं? ती म्हणाली, आजी, त्याला कारंजं आहे.

या काळात आत्या स्वस्थ नव्हती. दोष कसा फिटतो याची खात्री करून घ्यायला तिने बाजारातल्या, देवळातल्या आणि स्टेशनावरच्या इतक्या बायकांना विचारलं, की ही गोष्ट लपवून ठेवायची आहे हे आम्ही विसरूनच गेलो. आमच्या भागात पोळा भाद्रपदात असतो, तो आला. पांजरपोळात पोळा मोठा व्हायचा. आयुष्यभर राबलेल्या आणि आता काहीच करायचं नसलेल्या बैलांची शिंगं रंगवायची, पाठीवर झुली घालायच्या, पुरणपोळीचा घास द्यायचा. ज्यांनी बैल सोडलेले ते शेतकरी लांबून त्या दिवशी आपापल्या बैलाला भेटायला यायचे. आबा ढवळ्यासाठी पोळ्या बांधून आले आणि त्यांच्या मागून, काठी टेकत, थोरली आली. ती बसली नाही. ताईने आणलेला पाण्याचा तांब्या तिने हाताने दूर केला. थोरली म्हणाली, ‘मांजर मेलं का जितं हाय ते आदी दावा. आन् हिच्या आईच्या हातचं पितंय म्हनं, ते बी दावा.’

अंगणात तेव्हा मोठे शेठ होते, गूळ-चणे वाटत. दादा त्यांच्या मागे टोपली धरून. गावची माणसं, सजलेले बैल, सगळे. आईने पदराला हात पुसले आणि बंगलेवालीला हाक मारली. एरवी ती हाकेला यायची नाही, पण त्या दिवशी आली. भिंतीवरून आली, शेपटी उभी, ढवळ्याच्या पायांमधून वाट काढत सगळ्यांच्या देखत सरळ आईसमोर आली आणि तोंडातला उंदीर आईच्या पायाशी ठेवला. तिच्या आयुष्यातला पहिला उंदीर असावा. तो तिने खाल्ला नव्हता, आईसाठी आणला होता. उंबऱ्याच्या मंडळींत समाधानाची कुजबुज झाली, मांजर ठणठणीत आहे याला याहून मोठा पुरावा काय हवा? शेठांच्या हातातला गूळ खाली पडला. जीव वाचवायच्या जागेत, ऐन पोळ्याला, शिकार. तेवढ्यात मेलेला उंदीर उठला आणि लंगडत शेठांच्या दिशेने निघाला. तो पायाखाली चिरडू नये म्हणून शेठांनी एक पाय वर घेतला आणि उंदीर कुठे जातो ते कळेपर्यंत एका पायावर उभे राहिले. कुणी हसलं नाही. आबांनी उंदरावर डालगं टाकलं.

शेठ वाईट माणूस नव्हते. पाय खाली टेकवून ते मऊ आवाजातच दादांना म्हणाले की उंदराला दाखल करून घ्या, आणि मांजर आज आवाराबाहेर घालवा. दादा ‘व्हय शेट’ म्हणाले. त्यांना दुसरं काही म्हणता येत नव्हतं. त्या कुडाच्या भिंतीमागे आमचं सगळं होतं. आई शेठांसमोर कधी उभी राहिलेली नव्हती, बोलणं तर दूरच. ती पुढे आली. पदर डोक्यावरून घेतलेला, आवाज नेहमीसारखाच.

‘शेटजी, तिला काढायची तर मला बी काढा. तिनं उंदीर धरला तो मला द्यायला. म्या तिच्यावर फुकनी टाकली ती वाटीभर दह्यापायी. हितं ठेवायच्या लायकीचं कोन हाय, ते तुमीच सांगा.’

दादा टोपलीत पाहत होते. ताईने माझा हात इतका दाबला की बोटं दुखली. शेठ म्हणाले की बाई, तू खरं बोललीस, पण नियम माझ्या एकट्याचा नाही. पोरीचं लग्न होईपर्यंत मांजर राहू दे, बांधून ठेव. नंतर तिची दुसरीकडे सोय कर. आणि मग, बहुधा आपण पुरेसं कडक बोललो नाही असं वाटून, म्हणाले की उंदराला चणे द्या.

थोरली या सगळ्यात कंटाळली होती. ती म्हणाली की पाणी पाजायचं राहिलंय. आईने ओंजळ धरली. बंगलेवालीने आधी उंदीर कुठे गेला ते पाहिलं, मग आईच्या हातातलं पाणी प्याली, शेवटपर्यंत. थोरलीने वाकून नीट पाहिलं. मग ती फाटकाच्या कट्ट्यावर बसली, काठी बाजूला ठेवली आणि आईपुढे स्वतःची ओंजळ धरली. ‘दे,’ म्हणाली, ‘मला बी लागलीया तहान.’ आईने तांब्यातून पाणी ओतलं आणि थोरली आमच्या घरचं पाणी प्याली. झालं. प्यायल्यावर तोंड पुसत थोरलीने विचारलं की लग्नानंतर मांजर जाणार कुठे, आणि कुणी उत्तर द्यायच्या आत सांगितलं की नवरीबरोबर पाठवा. तिच्या कणगीत उंदरांनी उच्छाद मांडलाय.

उंदराला आत्याने हळद लावली. तो डालग्याखाली आमच्यापेक्षा चांगलं खाऊन राहिला आणि एका सकाळी डालग्याला भोक पाडून निघून गेला. दादांनी शेठना सांगितलं, बरा होऊन गेला. हे खोटं नव्हतं.

लग्न तिकोण्याला झालं, भावकीच्या खाचरात मांडव घालून. पंगती उठल्या, तिकोण्याचा चुलता पोटभर जेवला. पाठवणीच्या वेळी बायकांनी रिवाजाप्रमाणे रडायला सुरुवात केली. मी खरंच रडत होते. ताई माझी होती, रात्री तिच्या पाठीला पाठ लावून मी झोपायचे, आणि आता ती गाडीत बसून जाणार होती हे मला त्या क्षणापर्यंत कुणी नीट समजावलं नव्हतं. आई मात्र कोरडी. ओटी भरली, कुंकू लावलं, गालावरून हात फिरवला, सगळं यथासांग केलं. बायकांत चर्चा सुरू झाली की काय काळजाची बाई आहे. मग आबांनी बंगलेवालीची झाकलेली टोपली उचलून बैलगाडीत ताईच्या मांडीवर ठेवली. आतून एकदाच आवाज आला. आई गाडीच्या चाकाला धरून अशी रडायला लागली की गाडी हाकता येईना. चर्चा करणाऱ्या बायका म्हणाल्या, बघा, लेकीसाठी नाही, मांजरासाठी रडली. मला तेव्हा आईचा रागच आला होता. आता मला वाटतं, लेकीसाठी रडायला तिला कुठून तरी वाट हवी होती. पण त्यातलं निम्मं मांजरासाठीच होतं, हेही तितकंच खरं.

पुढे कितीतरी वर्षं उंबऱ्याहून कुणी आलं की आई आधी बंगलेवालीचं विचारायची आणि मग ताईचं. ताईला त्याचं वाईट वाटत नसे. तिला आई कळत होती. बंगलेवालीने थोरलीची कणगी राखली, थोरलीच्या अंथरुणात झोपली आणि थोरली गेल्यावर ताईच्या पोरांत. मग एका वर्षी ताई अवचित आली, एकटीच. आई दारात बसून तांदूळ निवडत होती. ताईने पिशवी खाली ठेवली आणि काही बोलायच्या आत आईला कळलं. सुपातले हात थांबले. कशाने गेली, कधी गेली, काही विचारलं नाही.

‘शेवटचं पानी कुनाच्या हातचं पिली?’

‘माज्या,’ ताई म्हणाली. ‘दुसऱ्या कुनाचं घेईना.’

आईने ताईचा उजवा हात हातात घेतला, उलटा केला, तळवा पाहिला. तिच्यासारखाच रुंद हात होता. ‘चालंल,’ म्हणाली. मग सूप बाजूला सारून उठली आणि मोरीकडे निघाली, घरातलं कुणी गेल्याची बातमी आल्यावर डोक्यावरून पाणी घ्यायला निघतात तशी. आत्या तेव्हा फार थकली होती, कोपऱ्यात पडून असायची. पण शास्त्र जागं होतं. तिने पडल्या पडल्या सांगितलं की पारू, मांजराचं सुतक नसतं.

‘नसंल आजवर,’ आई म्हणाली. ‘आजपासनं हाय.’

आत्या मग मला म्हणाली, पोरी, मला धरून उठव, आणि माझ्या अंघोळीलाही पाणी काढ.